न वाजणारा चेंडू

त्या घरात न वाजणारा चेंडू नव्हता. दुकानातून नवा चेंडू आला की तो टिंबीच्या हातात न जाता आधी तिच्या बाबांच्या टेबलावर जायचा. तिथे त्याच्या पोटाला बारीकशी चीर पडायची, आत एखादी घंटी नाहीतर मूठभर वाटाणे जायचे, चीर गोंदाने बंद व्हायची, आणि गोंद वाळला की मगच चेंडू मालकिणीच्या ताब्यात मिळायचा. तोवर मालकीणबाई टेबलाच्या पायाला मिठी मारून "गो! गो! गो!" असा धोशा लावून बसायच्या. गोल दिसेल त्याला ती 'गो' म्हणायची. दीड वर्षाच्या आयुष्यात तिने कमावलेला तो सगळ्यात भरवशाचा शब्द होता.

चेंडू वाजता करण्याचं कारण सरळ होतं. बाबांना दिसत नव्हतं. घरातली बाकीची प्रत्येक वस्तू आपापल्या जागेवर राहायची, पण चेंडूला जागाच नसते. आवाज न करता घरंगळणारा चेंडू म्हणजे दृष्टी नसलेल्या माणसाच्या पायाखालचा तेलाचा थेंब.

एरवी बाबांचं काही अडत नसे. ते एका रेडिओ केंद्रात ध्वनिसंपादक होते. मोठमोठ्या माणसांच्या मुलाखतींतले खोकले, खाकरे, खुर्च्यांची कुरकुर आणि 'म्हणजे काय आहे ना'ची लांबण ते अशी अलगद उचलून टाकत, की ती माणसं स्वतःचं बोलणं ऐकून स्वतःच्याच प्रेमात पडत. केंद्रातल्या मंडळींनी त्यांचं नाव 'कानसेन' ठेवलं होतं. ते नाव घरापर्यंत आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. बायकोही लाडात आली की कानसेन म्हणायची, आणि चिडली की जरा जास्तच ठासून म्हणायची.

टिंबीला गोल वस्तूंचं वेड होतं. दाराची मूठ, बाटलीचं झाकण, शर्टाची गुंडी, बाबांचा गुडघा, कशालाही ती सोडत नसे. तिची आई इमारतींचे नकाशे काढायची. तिच्याकडे वेगवेगळ्या मापांची वर्तुळं कोरलेली एक प्लास्टिकची पट्टी होती. त्या पट्टीच्या भोकांमधून एकेक बोट घालून बघण्यात टिंबीची दुपार जायची. चौकोनांची पट्टीही तिथेच पडलेली असे, पण तिच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे.

या वेडाची चिकित्सा करायला घरात एक हक्काचं माणूस होतं, ते म्हणजे टिंबीची मावशी. नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन ती एका प्रयोगशाळेत लागली होती, आणि अशा माणसाला दिसेल त्या गोष्टीचं 'का' विचारायची खोड असते. सुट्टीच्या दिवशी ती जेवायला आली की हा विषय निघायचाच.

"त्याचं असं आहे भावोजी," मावशी म्हणाली, "बाळाच्या दृष्टीने जग म्हणजे नुसता छळ आहे. चमच्याला धरायची बाजू, कपाला कान, बुटाला डावा-उजवा. जे धरावं ते चुकीचं धरलं जातं, आणि वर मोठी माणसं 'असं नाही, असं' म्हणत हातातून काढून घेतात. चेंडूला चुकीची बाजूच नाही. कसाही धरला तरी बरोबर."

"मान्य," कानसेन म्हणाला. "पण माझ्या मते खरं कारण आवाजात आहे. चेंडू टाकला की टप्पे कसे पडतात? टप्... टप्.. टप. टपटपटप. प्रत्येक टप्प्यातलं अंतर कमी होत जातं. पुढचा टप्पा कधी पडणार हे चेंडू आधीच सांगून ठेवतो. टिंबी शेवटच्या टपटपीच्या आधीच हसायला लागते, ऐकलंयस? तिला पुढचं कळतं. तिचं भविष्य खरं ठरवणारी जगातली पहिली वस्तू आहे ती."

"झालं का दोघांचं?" टिंबीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "चेंडू पळून जातो आणि तिला मागे धावायला मिळतं, एवढंच आहे. या घरात तेवढं एकच जण जागचं हलतं. तुम्ही दोघं बसल्या जागेवरून व्याख्यानं देता."

मावशी हसली. आणि हसता हसताच तिचं लक्ष बोळाकडे गेलं. टिंबी खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाली होती. तिच्या डाव्या हाताची बोटं मागच्या बाजूने भिंतीला घासत होती. कानसेन चालताना अगदी तशीच बोटं भिंतीला लावायचा. वाटेत तिला एक झाकण सापडलं. तिने ते उचललं, कानापाशी नेऊन हलवलं, वाजलं नाही म्हणून टाकून दिलं, आणि पुन्हा भिंतीला बोटं लावून चालू लागली.

मावशीचं हसणं मध्येच थांबलं. कानसेनला ते लगेच कळलं.

"काय झालं गं?"

"भावोजी, एक विचारू? रागावू नका."

"प्रयोगशाळेतला आवाज लावलास. विचार."

"या घरात न वाजणारा चेंडू आहे का?"

"नाही. का?"

"मग टिंबी चेंडूमागे जाते ती बघून जाते, की ऐकून?"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. फ्रिज घरघरत होता, तोही नेमका त्या क्षणी बंद पडला. कानसेनला आयुष्यात फार कमी वेळा इतकी शांतता ऐकू आली होती.

कारण ही भीती त्या घरात नवीन नव्हती. ती फक्त कपाटात घडी घालून ठेवलेली होती. कानसेन जन्मतः आंधळा नव्हता. त्याची नजर हळूहळू गेली होती. आधी बारीक वस्तू गेल्या, मग लांबच्या, मग संध्याकाळचा अंधुक उजेड, आणि शाळेत जायच्या वयापर्यंत उरलंसुरलं सगळं. हे बापाकडून मुलीकडे जाऊ शकतं का? डॉक्टरांनी सांगितलं होतं, जाऊ शकतं, नाहीही जाऊ शकत. त्याच्या रक्ताच्या तपासणीत ओळखीचा दोष सापडलाच नव्हता, त्यामुळे मुलीच्या रक्तात नेमकं काय शोधायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. "चालायला लागली की कळेल," असं म्हणून सगळे थांबले होते. ती चालायला लागली, चेंडूमागे धावायला लागली, आणि घर निर्धास्त झालं. आपली पोर चेंडूमागे धावते, म्हणजे तिला दिसतं. हिशेब चोख होता. त्यात चेंडू वाजतो, एवढं धरायचं राहून गेलं होतं.

"तिला दिसतं," टिंबीची आई बाहेर येत म्हणाली. "माझ्याकडे बघून हसते ती. मी काही न बोलता समोर आले तरी हसते."

"मीही हसायचो," कानसेन हळूच म्हणाला. "आई सांगायची. 'पोटच्या पोराला मी दिसत होते, म्हणून मला उशिरा कळलं,' म्हणायची."

मग मावशीने जे करायला नको होतं ते केलं. किंवा जे करायलाच हवं होतं ते केलं. तिने शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या लोकरीचा गुंडा काढला, दिवाणखान्यात गडद निळा गालिचा अंथरला होता त्याच्या एका टोकाला बसली आणि टिंबीला मध्ये उभं केलं. कानसेन आपल्या नेहमीच्या खुर्चीत, समोर. मावशीने गुंडा अलगद सोडला.

कानसेनने कान टवकारले. लोकरीचा गालिच्यावर आवाज होत नाही. त्याला काहीच ऐकू आलं नाही. ऐकू आला तो फक्त टिंबीचा श्वास, अगदी त्याच्या दिशेने येणारा, तोंड उघडं ठेवून कोणी वाट बघावी तसा. पाऊल वाजलं नाही.

"गेली का?" त्याने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "उभी आहे."

पुन्हा सोडला. पुन्हा उभीच. शेवटी मावशीने त्याच गुंड्यात एक घंटी खुपसली आणि तो सोडला. किणकिण झाली मात्र, कानसेनची मान तिकडे वळली, "आला गं आला!" हे शब्द सवयीने तोंडातून निसटले, आणि टिंबी खिदळत धावत सुटली.

त्यानंतर जेवणं झाली असं म्हणायचं, कारण ताटं धुवायला पडली होती.

दवाखान्याची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. तो आठवडा कानसेनने कसा काढला ते रेडिओ ऐकणाऱ्यांना थोडंफार कळलं असेल. एका नामवंत पाहुण्याचा दणदणीत खोकला जसाच्या तसा प्रसारित झाला. "कानसेन, तुझ्या हातून खोकला सुटला?" निवेदिका थट्टेने म्हणाली. "उद्या सूर्य कुठून उगवणार ते सांगून ठेव, बातम्यांत घालते." तो हसला. त्याच्या यंत्रात टिंबीच्या चेंडूचं एक जुनं ध्वनिमुद्रण होतं. टप... टप.. टप, किणकिण, आणि मग तिचं हसू. त्याने ते कापून पाहिलं. चेंडूचा आवाज काढून टाकला आणि हसू तेवढं ठेवलं, मग ऐकत बसला. हसू चेंडूच्या आवाजामुळे आहे की चेंडूमुळे, हे हसण्यावरून काही सांगता येईना.

संध्याकाळी बायको त्याच्या शेजारी येऊन बसली. "समज, नसेल दिसत," ती म्हणाली. "तर काय होईल? तुझ्यासारखी होईल. तुझं काय वाईट झालंय?"

"काही वाईट नाही झालं. ती आंधळी असेल तर मी तिला असं तयार करेन की लोक तोंडात बोट घालतील. सगळं शिकवेन. मला येतं ते." "पण मला ते शिकवायचं नाहीये गं."

तिने त्याचा हात घट्ट धरला. मघाची समजूत तिला स्वतःला तरी कुठे पटलेली होती!

डोळ्यांच्या दवाखान्यात टिंबी, तिचे आईबाबा आणि बोलवलं नसतानाही आलेली मावशी असा गोतावळा पोचला. लहान मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा आवाज खालच्या पट्टीतला होता, मुलांच्या उंचीवर बसून बोलायची सवय झालेल्या माणसाचा असतो तसा. कानसेनला तो आवडला. त्यात घाई नव्हती, आणि खोटा गोडवाही नव्हता.

"अक्षरं वाचता न येणाऱ्या माणसाची नजर कशी तपासायची?" बाई म्हणाल्या. "चेंडू सोडून. मोठ्यापासून सुरुवात करायची आणि लहान लहान करत जायचं. कुठल्या मापाला तिला दिसेनासं होतं ते बघायचं. मुलाला दुसऱ्या कशात रस नसला तरी चेंडूत असतोच, त्यामुळे हा आमचा सगळ्यात जुना आणि स्वस्त सहायक आहे."

जमिनीवर काळ्या बनातीचं जाड कापड पसरलं होतं, आवाज पिऊन टाकणारं. त्याच्या कडेला कानसेनला खुर्ची दिली. टिंबीचे बूट काढून तिला मध्ये सोडली. बाईंनी पहिला पांढरा चेंडू सोडला.

पुन्हा तेच. ना आवाज, ना पाऊल. त्याच्याकडे रोखलेला तो लहानसा श्वास. दुसरा चेंडू, तिसरा.

"हं," बाई म्हणाल्या. "ही चेंडूमागे जात नाही, हे खरं. पण ती बघते कुठे आहे हे तुमच्यापैकी कोणी पाहिलं का?"

"कुठे?" मावशीने विचारलं.

"चेंडू सुटला की क्षणभर चेंडूकडे. आणि मग लगेच बाबांच्या तोंडाकडे. तिथेच खिळून राहते. बाबा, घरी चेंडू वाजत आला की तुम्ही काय करता?"

"मान वळवतो," कानसेन म्हणाला. "आणि 'आला गं आला' म्हणतो. मग ती धावते."

"आणि आवाज न करता आला तर?"

"तर... मला कळतच नाही."

"म्हणजे तुम्ही काहीच करत नाही. बरोबर? तिच्या दृष्टीने बाबा मान वळवतात तेव्हा खेळ सुरू होतो. मान वळली नाही, म्हणजे खेळ अजून सुरू झालेला नाही. शहाणी पोर आहे, वाट बघत उभी राहते."

फट्दिशी आवाज झाला. मावशीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला होता. "मी वाजणारा गुंडा तपासला, न वाजणारा तपासला. आणि भावोजी दोन्ही वेळा समोर बसलेले! भावोजी, तुम्हीच घोळ होता!"

"आधी मला उचलून बाहेर ठेवायचं होतंस," कानसेन म्हणाला. आशा इतक्या झटकन धरायची त्याला हिंमत होत नव्हती.

"बाहेर नको, तिच्या पाठीमागे बसा," बाई म्हणाल्या. "आणि कोणीही एक अक्षर बोलायचं नाही."

खुर्ची सरकली. कानसेन बसला. खोलीत सगळ्यांनी श्वास धरला, आणि त्या शांततेत कुठेतरी एक चेंडू सुटला असावा. असावा, कारण त्याच्या कानाला त्याचा मागमूस नव्हता. आयुष्यभर ज्या कानांवर तो जगला त्यांना त्या क्षणी काहीही करता येत नव्हतं.

थप. थप. थपथपथप.

कापडावर मऊ, आणि कापड संपल्यावर फरशीवर ओलसर, अनवाणी पावलं. "गो!"

पुढचा चेंडू सुटला असावा. थपथपथप. त्याहून लहान. थपथप. मग दिव्याचं बटण खट्कन वाजलं आणि बायकोने त्याच्या कानाशी ओठ नेऊन सांगितलं, "अंधुक केलंय." कानसेनने खुर्चीची कड धरली. त्याच्या लहानपणी मावळलेल्या गोष्टींतलं हे एक होतं.

थपथपथपथप. "गो!"

शेवटची गोळी मिरीच्या दाण्याएवढी होती, असं त्याला नंतर कळलं. त्या वेळी फक्त पावलं गेली, थांबली, काहीतरी टिपल्यासारखा क्षण गेला, आणि बाई लगबगीने उठल्या, कारण एवढ्या मापाची वस्तू लहान मुलाच्या हातात म्हणजे तोंडातच. पण पावलं बाईंकडे गेली नाहीत, तोंडाकडे हातही गेला नाही. पावलं वळली आणि खुर्चीच्या दिशेने आली. दोन चिकट हातांनी कानसेनची मूठ पकडली, एकेक बोट उघडलं, तळहातावर काहीतरी जवळजवळ न जाणवण्याइतकं ठेवलं, आणि बोटं पुन्हा मिटली.

"गो," टिंबीने त्याला समजावून सांगितलं.

वाजणारे चेंडू ती त्याच्याकडे फेकायची. हा तिने हातात आणून दिला होता. बाबांना हा कळलेला नाही, हे तिला कळलं होतं.

कानसेन ती मूठ मिटून तसाच बसून राहिला. बायको हुंदके देत होती आणि मावशी नाक ओढत होती. एरवी हे दोन्ही आवाज त्याने सफाईने कापून टाकले असते.

पुढची तपासणी मात्र रडारडीत झाली. डोळ्यांत औषध घातल्यावर टिंबीने दवाखाना डोक्यावर घेतला. पण बाईंनी डोळ्यांच्या आत नीट पाहिलं, कानसेनचे लहानपणचे जुने कागद पुन्हा चाळले, आणि मगच बोलल्या. "पडदा स्वच्छ आहे. लहानपणी तुमच्या पडद्यावर जे डाग नोंदवलेत, त्यातलं हिच्यात काहीही नाही. जन्मभराची हमी मी देत नाही, कोणीच देत नाही. वर्षातून एकदा आणत जा. पण तुम्ही जी भीती घेऊन आलात ती इथे ठेवून जायला हरकत नाही."

"आणि ते भिंतीला बोटं लावून चालणं?" मावशीने विचारलं. "झाकणं कानाशी हलवणं?"

"बापाची नक्कल," बाई हसल्या. "माझी मुलगी लहानपणी सारखी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराला पुसायची. तिला ना चष्मा होता, ना पदर."

घरी जाताना कानसेन दुकानासमोर थांबला. "एक चेंडू घ्यायचा," तो म्हणाला. "साधा. मऊ. आणि तो माझ्या टेबलावर आणायचा नाही."

"अरे, पायाखाली आला म्हणजे?" बायकोने विचारलं.

"पडेन. इतकी माणसं पडतात."

आणि तो पडला. फार दिवस लागले नाहीत. सकाळी स्वयंपाकघराकडे निघाला असताना पायाखाली काहीतरी मऊ, गोल आलं, निसटलं, आणि कानसेन धप्पकन बसकण मारून जमिनीवर आला. सुट्टीमुळे राहायला आलेली मावशी धावली, बायको धावली. "लागलं का? भावोजी! लागलं का हो?"

उत्तर येईना, म्हणून दोघी घाबरल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्याला हसू आवरत नाहीये, म्हणून उत्तर येत नाहीये. तो पोट धरून, भिंतीला टेकून हसत होता. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे चेंडू गुपचूप घरंगळत गेला होता, तिथून थपथपथप पावलं आली आणि चेंडू त्याच्या मांडीवर ठेवला गेला.

"गो," टिंबी म्हणाली. या वेळी जरा कडक आवाजात, जपून ठेवायला दिलेली वस्तू हरवणाऱ्या माणसाशी बोलतात तशी.